भैरोबाचा कौल आणि अँड्रॉइड सहा

"देवा भैरोबा!" सोपान गुरव मोठ्यानं म्हणाले, मग माझ्याकडं वाकून हळूच विचारलं, "काय म्हणायचं म्हणालीस त्याला, ताई?"

"अँड्रॉइड सहा."

"देवा भैरोबा, ह्या पोरीला त्या अँड्राईड सहाचा... फुडं काय?"

"सपोर्ट."

"सपोर्ट बंद करायचा हाय. करू दे म्हणत असशील तर उजवी दे, नको म्हणत असशील तर डावी दे. लेकरं दारात आल्यात, कौल दे बाबा."

देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवलेल्या होत्या. गाभाऱ्याबाहेर निम्मं नांदणवाडी गाव उभं. उजव्या अंगाला दूध संस्थेचे चेअरमन हणमंत तात्या खराडे आणि त्यांची माणसं, डाव्या अंगाला विरोधी पॅनेलचे विलासबापू निकम आणि त्यांची माणसं, आणि मधे मी. चांगली कॉम्प्युटरची पदवी घेतलेली बाई, डोक्यावर ओढणी, हात जोडलेले. शेजारी माझा भागीदार फिरोज मुजावर. तो कानाशी लागला, "शर्वरी, जगात सहा वापरणारे किती उरलेत ते देवाला सांगायचं राहिलं बघ." मी त्याला कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात डावी कळी पडली.

तात्यांच्या माणसांनी "चांगभलं!"चा गजर केला. बापू ओरडले, "परत लावा! प्रश्नच चुकीचा इचारलाय!" सोपानमामा म्हणाले, "देवाला दोनदा इचारत न्हाईत बापू, त्यो काय गुत्तेदार हाय?" आणि मी तिथंच पायरीवर बसले. माझी कंपनी बुडणार होती, आणि ती बुडवायला साक्षात भैरोबानं डावा कौल दिला होता.

आता हे सगळं नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई ठार वेडी आहे.

त्या वेळी तालुक्याच्या गावी एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर मी आणि फिरोज दोघं मिळून मोबाइलची ॲप करायचो. 'करायचो' म्हणजे एकच केलं होतं. कासंडी नाव त्याचं, धार काढायच्या भांड्यावरून ठेवलेलं. संस्थेत दूध घातलं की वजन किती भरलं, फॅट किती लागली, बिल किती झालं, ते तिथल्या तिथं सभासदाच्या फोनवर. नांदणवाडीच्या भैरवनाथ दूध संस्थेनं ते घेतलं होतं. दुसरं गिऱ्हाईक आम्हाला नव्हतं. फिरोजला बंगळुरूहून नोकरी चालून आलेली, आणि तो रोज सकाळी चहा पिताना मला एवढंच विचारायचा, "अजून थांबू का?" मी म्हणायचे, "थांब." त्याच्या घरचे मला काय म्हणत असतील ते मी विचारलं नाही.

अशात बँकेनं कळवलं की दसऱ्यापासून पैसे पाठवायची पद्धत बदलणार. नवी पद्धत घालायची तर कासंडी नवं करायला हवं, आणि नवं कासंडी अँड्रॉइड सहावर चालत नव्हतं. आम्ही लाख खटपट केली. सहा म्हणजे फोनच्या आतल्या कारभाराची सहावी आवृत्ती. ज्यांनी ती केली त्यांनीच केव्हाची तिच्या नावानं अंघोळ केलेली. म्हणजे आता दोनच वाटा होत्या. कासंडी नवं केलं नाही तर दसऱ्यापासून गावात कुणाचंच बिल जमा होणार नाही. केलं तर सहावाल्यांच्या फोनवर कासंडी उघडणार नाही. सगळीकडं असं झालं की लोक चार शिव्या देतात आणि फोन बदलतात. नांदणवाडीत बदलणार नव्हते. कारण तिथं फोन न बदलण्याची शपथ होती.

शपथेचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी संस्थेच्या वार्षिक सभेत बापू उभे राहिले आणि म्हणाले, "चेअरमनच्या हातात दरसाल नवा फोन दिसतोय. पर दूध थंड करायचं केंद्र कुठं हाय? उन्हाळ्यात आमचं दूध नासतंय, त्याचं काय?" सभेत हशा पिकला. तात्या तापट माणूस. गावचा रस्ता होत नव्हता तेव्हा त्यांनी रस्ता होईपर्यंत पायात काही घालणार नाही अशी शपथ घेतली होती आणि दोन उन्हाळे अनवाणी काढले होते. आता तीच शपथ पुन्हा घ्यायची सोय नव्हती, कारण मधल्या काळात साखर निघाली होती आणि डॉक्टरनं अनवाणी फिरायची बंदी केली होती. फेटा ते बांधत नव्हते. दाढी त्यांना नीट येत नव्हती. हातात होता तो फोन. तोच त्यांनी वर धरला आणि गरजले, "भैरोबाची आण! केंद्र चालू झाल्याबिगर ह्यो फोन बदलणार न्हाई!"

झालं. त्यांच्या पॅनेलची सगळी माणसं उठली आणि प्रत्येकानं आपापला फोन वर धरला. त्या दिवशी ज्याच्या हातात जो होता तो त्याला चिकटला. त्यातले बहुतेक सहावरचे होते.

आणि बापू तीन वर्षं वाट बघत होते, तात्यांचा फोन कधी मरतो त्याची. तात्या नवा फोन घेऊन दिसले की निवडणूक बापूंच्या खिशात. मी सहा बंद करणार हे कळल्यावर बापू स्वतः आमच्या माडीवर पेढे घेऊन आले होते. "करा ताई करा, बंद करा. जगाबरोबर चालाय पायजे." त्यावर तात्यांचा माणूस येऊन सांगून गेला, सहा बंद केलंत तर संस्था कासंडीच बंद करील आणि पुन्हा कागदाच्या चिठ्ठ्या सुरू करील. दोघांचा वाद मिटेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, देवाला विचारा. मला वाटलं होतं देव तरी काळाबरोबर चालत असेल.

कौल लागला त्याच दुपारी मी तात्यांच्या घरी गेले. फिरोज म्हणाला, "तू बोल, मी ऐकतो. मला राग आला की मी इंग्रजीत बोलतो." सोप्यात तात्या खाटेवर बसले होते. हातात तो फोन. त्याला मधोमध रबर लावलेलं, कारण आतली बॅटरी फुगून पाठीचं झाकण उचलत होती. काचेवर एवढे तडे की त्यातून बघताना माझे डोळे दुखायला लागले.

मी आल्या आल्या सुरू केलं. "तात्या, तुमच्या शपथेपायी आम्ही दोघं देशोधडीला लागणार. हा फिरोज बंगळुरूला जाईल, मी बापाच्या घरी जाऊन बसेन. तुम्हाला बरं वाटेल?"

"देवानं डावा दिला पोरी. म्या काय करू?"

"देवाला कुठं ॲप चालवायचंय? आणि मला एक सांगा, शपथ केंद्र होईपर्यंतची ना? मग येताना मी बघितलं ते काय आहे? रस्त्याला पत्र्याचा हॉल उभा आहे. आत हौदाएवढं मशीन बसलंय. लाल फीत बांधलीय. केंद्र झालंय की!"

तात्यांनी फोन उलटा केला, सुलटा केला, आणि रबर नीट बसवलं.

"तात्या?"

"झालंय. चालू झाल्यालं न्हाई."

"का?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि इंदूकाकी दारात आल्या. तात्यांची बायको. "सांगा की तिला! महिना झाला माणूस घरातल्या घरात तोंड लपवून बसलाय. शिकल्याली पोर हाय ती, काय कराय आलं तर करंल." मग त्याच म्हणाल्या, "त्या मशीनला बी ॲप लागतंय गं बाई. आन् ते ह्यांच्या फोनवर बसत न्हाई."

मी फिरोजकडं बघितलं. फिरोजनं भिंतीकडं बघितलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दूध थंड करायचं ते मशीन नव्या जमान्याचं होतं. बटण दाबून चालू होणारं नव्हतंच. ज्याच्या नावावर मशीन, त्यानं स्वतःच्या नंबराच्या फोनमध्ये कंपनीचं ॲप घ्यायचं, मशीनसमोर उभं राहायचं आणि 'चालू' म्हणायचं. मग मशीन कंपनीला विचारणार, कंपनी हो म्हणणार, मग ते घरघरणार. कागदावर नाव चेअरमनचं. आणि कंपनीनं आपल्या ॲपमधून सहाचा सपोर्ट आधीच काढलेला.

म्हणजे फोन बदलल्याशिवाय केंद्र चालू होईना आणि केंद्र चालू झाल्याशिवाय फोन बदलता येईना. वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ते हेच.

"तुमचं सिम काढून घटकाभर माझ्या फोनमध्ये घालू," मी म्हटलं. "कुणाला कळतंय?"

"बापूची दोन माणसं त्या हॉलसमोरच्या टपरीवर दिवसभर बसून असत्यात."

"मग पहाटे जाऊ."

"आन् मला कळंल त्याचं काय?" तात्या पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "पोरी, रस्त्याच्या वक्ताला माझ्या पायातलं काटं ह्या गावानं काढल्यात. म्हाताऱ्या बाया सुई घिऊन बसायच्या देवळाच्या पायरीवर. त्यांला म्या शब्द दिलावता. आता साध्या फोनापायी चोरून सिम काढू? मग माझ्याजवळ ऱ्हातंय काय?" त्यांचे डोळे भरले होते. मी भांडायला आले होते, ते विसरूनच गेले.

इंदूकाकींनी चहा दिला. तो पिऊन आम्ही पाण्याच्या टाकीवर चढलो, कारण गावात आमच्या सिमला धड रेंज तेवढ्याच जागी यायची. तिथून मी मशीनवाल्या कंपनीला फोन लावला. चार ठिकाणी फिरवून शेवटी ज्या मुलीनं ते ॲप केलं होतं तिच्यापर्यंत पोचले. तिचं नाव मुग्धा.

"मॅडम," ती गोड आवाजात म्हणाली, "सहाचा सपोर्ट आम्ही मागच्या वर्षीच थांबवलाय. तुम्ही त्यांना कृपया फोन बदलायला सांगा."

"अहो, असा कसा थांबवता? लोकांनी करायचं काय? तुम्हाला काही माणुसकी?"

"मॅडम, प्रत्येक आवृत्तीचं एक आयुष्य असतं."

मी जी भडकले! "आयुष्य असतं म्हणे! तुम्ही तिकडं वातानुकूलित खोलीत बसून ठरवणार आणि इकडं लोकांचं दूध नासणार? वापरणारा कोण आहे, कुठल्या अडचणीत आहे, एकदा विचारलंत का त्याला?"

फिरोज नुसता माझ्याकडं बघत होता. गेला महिनाभर मी नांदणवाडीत दारोदार जाऊन हेच बोलत होते, आयुष्य असतं म्हणून. मी म्हटलं, "बघतोस काय? माहितेय मला."

मग मी मुग्धाला सगळं सांगितलं. शपथ, काटे, फुगलेली बॅटरी, कौल. पलीकडं बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं, ती हसू दाबत होती.

"देवाला खरंच विचारलंत? आवृत्तीचं नाव घेऊन?"

"घेऊन."

"आणि तो नको म्हणाला?"

"डावी कळी."

"आमच्याकडं देवाला नाही विचारलं," ती म्हणाली. "आमच्याकडं जुनी आवृत्ती बंद करायला चार साहेबांच्या सह्या लागल्या. उघडायला कुणाच्या लागतात ते नियमात नाहीच, कारण बंद केलेलं कुणी उघडेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही." मग आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या आमची जेवणाची सुट्टी असते तेव्हा मी जुन्या ॲपसाठी दार उघडून ठेवते. जुनं ॲप पाठवते, ते त्यांच्या फोनमध्ये घाला. पण सुट्टी संपली की बंद करणार. माझी नोकरी आहे."

दुसऱ्या दिवशी त्या पत्र्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून सगळं गाव आलं होतं. तात्यांनी आणखी एक कारभार करून ठेवलेला. सकाळचं दूध न्यायला तालुका दूध संघाचा टेम्पो आला, तो त्यांनी रिकामा परत पाठवला. "आज दूध आपल्याच केंद्रात थंड होणार!" सगळं दूध कॅनमध्ये भरून हॉलमध्ये ओळीनं उभं. ऊन चढत होतं. मशीन चालू झालं नाही तर अख्ख्या गावाचं दूध गटारात जाणार होतं. बापू दारात उभे होते, बघायला. त्यांच्या म्हशींचं दूधही त्याच कॅनमध्ये होतं.

"तात्या, आता ॲप उघडा," मी म्हटलं.

तात्यांनी कोऱ्या धोतराला अंगठा पुसला आणि दाबला. जुनं ॲप उघडलं. मशीनचं नाव आलं. तात्यांनी 'चालू' दाबलं. मशीनवर हिरवा दिवा लुकलुकला आणि फोनवर अक्षरं आली, 'इंटरनेट नाही'.

पत्र्याच्या आत रेंज येत नव्हती. टाकीवर यायची, पण मशीनपासून चार पावलं लांब गेलं की फोनचं आणि मशीनचं बोलणं तुटायचं. फिरोज टाकीवर होता, मुग्धाशी बोलायला. तिथून ओरडला, "ती विचारतेय काय झालं?"

"नेट नाही!"

"ती म्हणतेय, तिचा डबा खाऊन झाला!"

कुणी म्हणालं पत्रा उचकटा. कुणी म्हणालं मशीन बाहेर काढा. एकानं तात्यांना खांद्यावर उचलायची तयारी केली. बॅटरी भराभर उतरत होती आणि फोन एवढा तापला की तात्या तो या हातातून त्या हातात घेत होते. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं की दारातला एक माणूस मजेत फोनवर व्हिडिओ बघतोय. हॉलच्या दारात. नेटवर. तो बापूंचा माणूस होता.

त्यातही भानगड होती. दुसऱ्या एका कंपनीचा टॉवर बापूंच्या रानात उभा होता. म्हणून बापूंच्या माणसांनी सगळ्यांनी त्या कंपनीची सिमं घेतली होती आणि तात्यांच्या माणसांनी ती हातात धरायची नाहीत असं ठरवलं होतं. गावात कुणाचं पॅनेल कुठलं ते सिमवरून ओळखायचं. त्या टॉवरची रेंज हॉलमध्ये फुल्ल येत होती.

मी बापूंच्या पुढं जाऊन उभी राहिले. "बापू, तुमच्या फोनचं नेट द्या तात्यांच्या फोनला. हॉटस्पॉट लावा."

व्हिडिओ बघणाऱ्यानं आपला फोन खिशात टाकला.

"म्या द्यायचं?" बापू म्हणाले. "आन् कशापायी? त्यांनी फोन बदलावा, सरळ चालू हुतंय मशीन."

माझं डोकंच फिरलं. "नका देऊ! उद्या तात्या नवा फोन घेतील, तुम्ही निवडणूक जिंकाल. मग जन्मभर गावात सांगत फिरा, मी तात्याला हरवलं. कसं हरवलं? तर नेट दिलं नाही म्हणून. छातीवर हात ठेवून सांगा, त्यात तुम्हाला काय मजा येणार आहे? आणि हे दूध बघा. तुमच्याच म्हशींचं आहे, ते गटारात ओतायला मी नाही येणार!"

बापूंनी कॅनकडं बघितलं. मग तात्यांकडं. तात्या खाली मान घालून फोनवर फुंकर मारत होते. त्यांनी काही मागितलं नाही. बापूंनी खिशातून आपला नवाकोरा फोन काढला, बोट फिरवलं आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "लावलाय."

तात्यांच्या फोनवर बापूंचं नाव आलं. खाली पासवर्डची रिकामी चौकट.

"पासवर्ड?" मी विचारलं.

बापू फोनची काच बाहीला पुसायला लागले.

"बापू, पासवर्ड सांगा."

बापूंचा चेहरा हळूहळू लाल झाला. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्या टाकतो की माझ्या हातानं."

"त्यांच्या फोनला तुमचा हात लागला तर उद्या तुमचेच लोक म्हणतील फोन बदलला. त्यांनाच टाकू दे. मोठ्यानं सांगा."

टाकीवरून फिरोज ओरडला, "ती हात धुवायला गेली! आली की बंद करणार!"

बापूंनी एकदा छताकडं बघितलं आणि म्हणाले, "तात्या हटाव."

हॉलमधल्या सगळ्या माना तात्यांकडं वळल्या.

"सगळं जोडून," बापू पुटपुटले. "इंग्रजीत."

तात्यांनी मान वर केली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग तात्या शांतपणे एकेक अक्षर दाबायला लागले. मधेच थांबून विचारलं, "हटावला शेवटाला व्ही का डब्ल्यू?"

"व्ही," बापू म्हणाले. "आन् समदी अक्षरं बारकी."

तात्यांनी 'तात्या हटाव' लिहून पुरं केलं. नेट जोडलं गेलं. त्यांनी 'चालू' दाबलं. हिरवा दिवा लुकलुकला, लुकलुकला, मग थांबला, आणि त्या हौदाएवढ्या मशीनच्या पोटातून घर्रर्र असा आवाज निघाला.

"भैरोबाच्या नावानं चांगभलं!" हॉल दणाणून गेला. बायका रडत होत्या. सोपानमामा ज्याला त्याला धरून सांगत होते, "म्हणून डावा दिला देवानं! आधीच सहा बंद केलं असतं तर ह्यो दिस दिसला असता व्हय?" मी त्यांना काही समजावायला गेले नाही. तात्यांच्या हातातला फोन विझला तो विझलाच. त्यांनी तो रबरासकट खिशात ठेवला, बापूंकडं गेले आणि काही बोलणार एवढ्यात बापूच गरजले.

बापूंची पंचाईत मी समजू शकते. त्यांची माणसं त्यांच्याकडं डोळे वटारून बघत होती. त्यांनी आपला फोन वर धरला. "आज दुधासाठी नेट दिलं, तात्यासाठी न्हाई! भैरोबाची आण! ह्या तात्याला चेअरमनच्या खुर्चीवरनं उतरविल्याबिगर म्या ह्यो फोन बदलणार न्हाई!"

त्यांच्या माणसांनीही फोन वर धरले. मी डोक्याला हात लावून मशीनला टेकले. बापूंच्या फोनवर अँड्रॉइड दहा होतं.

ही झाली जुनी गोष्ट. दसऱ्याला नवं कासंडी आलं, तात्यांच्या लोकांनी तालुक्यातली फोनची दुकानं रिकामी केली, फिरोज बंगळुरूला गेला नाही. पुढं आम्हाला बऱ्याच संस्था मिळाल्या, माडी सोडून आम्ही खाली आलो. बापूंची माणसं हळूहळू एकेक करून शपथेतून सटकली. बापू सटकले नाहीत. दर निवडणुकीला ते उभे राहायचे आणि दर निवडणुकीला पडायचे. केंद्र आणल्यावर तात्यांना कोण पाडणार होतं?

मग एक साल असं आलं की दहाही बंद करण्याची वेळ आली. मी बापूंकडं आधी गेले नाही. तात्यांकडं गेले.

"कर की बंद," तात्या म्हणाले. "मला कशाला सांगतीस? माझा नवा हाय."

"बापूंचा दहा आहे, तात्या. अजून तोच."

तात्यांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "रबर लावल्यालं बघितलं म्या परवा त्याच्या फोनाला," म्हणाले. मग विचारलं, "कधी बंद हुणार?"

"दिवाळीला."

"बरं."

वार्षिक सभा त्याच आठवड्यात होती. सगळे विषय संपल्यावर तात्या उठले आणि म्हणाले, "तब्येत साथ देत न्हाई. म्या चेअरमनपदाचा राजीनामा देतोय." सकाळीच ते दोन्ही हातांत दोन भरलेले कॅन घेऊन संस्थेत आले होते, ते सगळ्यांनी बघितलं होतं. मी मागं दाराशी उभी होते; माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, पण बापूंचं गेलं. त्यांनी मला बघितलं, आपल्या हातातल्या फोनकडं बघितलं, आणि ताडकन उठले.

"नामंजूर!" बापू ओरडले. "नामंजूर! मला कुणाची भीक नको!"

सगळी सभा तोंडात बोट घालून बघत राहिली. इतकी वर्षं जो माणूस तात्या हटाव म्हणत होता, तोच तात्यांना हटू देईना.

"भीक?" तात्या म्हणाले. "त्या दिशी हॉटस्पॉट दिलास, ती काय भीक घातलीवतीस व्हय रं मला?"

बापू खाली बसले. घटकाभरानं, कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणाले, "मंजूर."

दुसऱ्या दिवशी बापू नव्या फोनचं खोकं घेऊन आमच्या ऑफिसात आले. मी कासंडी घालून दिलं, सगळं जागच्या जागी लावलं. शेवटी हॉटस्पॉटशी आले.

"पासवर्ड काय ठेवू, बापू?"

"हाय तोच ऱ्हाऊ दे."

"अहो, पण तात्या हटले की आता."

"ऱ्हाऊ दे गं," बापू म्हणाले. "तात्याला बी तोच पाठ हाय."